हार्कोर्ट उद्योजक म्हणून अपयशी ठरला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकोणिसाव्या शतकातला उद्योजक फ्रीडरिश हार्कोर्ट याला जर्मनीत ‘रूरचा जनक’ म्हणतात; रूर म्हणजे पश्चिम जर्मनीतला कोळसा-लोखंडाचा पट्टा. पण त्याने काढलेला कारखाना पंधराएक वर्षांत त्याच्या हातून गेला आणि रेल्वेची त्याची स्वप्ने दुसऱ्यांनी पुरी केली. मग एवढा मान कशासाठी? इंग्लंडमधून त्याने माणसे पळवून आणली, हे खरे का? आणि तुम्ही शिकायला डॉर्टमुंडला चालला आहात, तर तिथे पाहण्यासारखे काय उरले आहे?

माझे आयुष्य फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये गेले, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो. हिशेबाच्या वहीत हार्कोर्ट हरला, यात वाद नाही. पण त्याच्या कारखान्यातून वाफेच्या इंजिनांपेक्षा मोलाची एक गोष्ट बाहेर पडली: इंजिन बनवू शकणारी जर्मन माणसे. ती कुठल्याही ताळेबंदात दिसत नाहीत. १८१९ साली त्या भागात भांडवलापेक्षाही दुर्मीळ काही असेल, तर ती हीच माणसे होती.

हार्कोर्टचा जन्म २२ फेब्रुवारी १७९३ चा, हागेनजवळच्या हार्कोर्टेन या वाड्यातला. घराणे पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाच्या धंद्यातले. तो मार्क परगणा म्हणजे डोंगराळ मुलूख. ओढ्या-नद्यांच्या पाण्यावर चालणारे घण, एन्नेपे नदीच्या काठाने एकामागून एक लोहारशाळा, तिथे घडलेली गवत कापायची विळ्यांची पाती आणि लोखंडी सामान थेट बाल्टिक किनाऱ्यापर्यंत जाई. या घराण्याचा व्यापार एकेकाळी त्याच्या आजीने, लुइझा काटारिना हार्कोर्टने, नवऱ्याच्या मृत्यूनंतर स्वतः चालवला आणि वाढवला. अठराव्या शतकात एका विधवेने घण, गोदामे आणि दूरदेशीची उधारी सांभाळावी ही लहान गोष्ट नव्हे. म्हणजे लोखंड विकणे या घराला नवे नव्हते. यंत्र बनवणे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

तरुणपणी बार्मेनकडे व्यापाराची उमेदवारी झाली, मग नेपोलियनविरुद्धची लढाई आली. १८१५ साली लिनीच्या रणांगणावर तो जखमी झाला. घरी परतला तेव्हा मार्क परगण्यात पुन्हा प्रशियाचा अंमल होता, आणि युद्धकाळात अडवलेला इंग्रजी माल बाजारात धो-धो येत होता. यंत्रावर कातलेले सूत आणि यंत्रावर बनलेले लोखंड स्वस्तही होते आणि चांगलेही. त्यापुढे दोन वाटा होत्या, इंग्रजी माल विकायचा किंवा तो बनवणारी यंत्रे स्वतः बनवायची. हार्कोर्टने दुसरी वाट धरली.

१८१९ मध्ये रूर नदीवरच्या वेट्टर गावात, टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात त्याचा कारखाना सुरू झाला. पैसा प्रामुख्याने एल्बरफेल्डचा बँकर हाइनरिश काम्प याचा, तंत्राची बाजू थॉमस नावाच्या इंग्रज इंजिनिअरची, आणि धावाधाव हार्कोर्टची. किल्ला सरकारी होता. प्रशियाच्या खाण खात्याची कचेरी पूर्वी तिथेच होती आणि पुढे सुधारक म्हणून गाजलेला फोम श्टाइन तरुणपणी तिथून खाणींचा कारभार पाहत असे. चित्रकार आल्फ्रेड रेथेलने कोवळ्या वयात या कारखान्याचे चित्र काढले आहे. मध्ययुगीन बुरुज, त्याला खेटून उभ्या शेड आणि धूर ओकणारी धुराडी, सगळे एकाच टेकडीवर. इंटरनेटवर ते चित्र सहज सापडते, जरूर पाहा. यंत्रशाळा म्हणून ती जागा किती गैरसोयीची होती हे त्यावरूनही कळते. ओतकामाचे जड नग टेकडीवर चढवायचे आणि तयार यंत्र पुन्हा खाली उतरवायचे. आजचा कुठलाही प्लांट इंजिनिअर तो आराखडा पाहून डोक्याला हात लावेल. पण भिंती तयार होत्या, आणि नवा धंदा उभा करणाऱ्याला तयार छप्पर फार मोठा आधार असतो.

आता माणसे पळवण्याबद्दल. होय, हार्कोर्ट इंग्लंडला गेला, यंत्रे आणली आणि कारागीरही आणले. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे कुशल कारागिराने परदेशी जाऊन काम करणे गुन्हा होता. ती बंदी १८२४ मध्ये उठली. यंत्रे बाहेर नेण्यावरची बंधने तर १८४३ पर्यंत टिकली. म्हणजे १८१९ मध्ये जो कारागीर यायला तयार होई, तो बहुधा असा असे की ज्याला घरी गमावण्यासारखे फारसे काही नव्हते. हार्कोर्टने पुढे सांगितले आहे की, यातल्या काहींना जणू फासावरून उतरवून आणावे लागले, तेव्हा कुठे ते मिळाले. पगार मोठे, शिस्त थोडी, दारू भरपूर, आणि हात सोन्याचे. ज्याने एखाद्या हुशार पण लहरी उस्तादाच्या भरवशावर वर्कशॉप चालवले आहे, त्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. उस्ताद सोमवारी आला नाही की भट्टी थंड.

याला चोरी म्हणायचे का? माझे मत स्पष्ट आहे. इंग्लंडचा कायदा ज्ञानाला कुलूप घालणारा होता आणि ते कुलूप साऱ्या युरोपने तोडले. बेल्जियमने तोडले, फ्रान्सने तोडले, खुद्द प्रशियाच्या सरकारनेही तोडले. बर्लिनला बॉइथ या अधिकाऱ्याने १८२१ मध्ये तंत्रशिक्षणाची संस्था काढली आणि इंग्लंडचे दौरे करून तिथली यंत्रे अभ्यासली. फरक इतकाच की बॉइथच्या मागे सरकारी तिजोरी होती, हार्कोर्टच्या मागे काम्पचे कर्ज.

माणसेच का आणावी लागली, नकाशे आणून का भागले नाही, हा खरा तांत्रिक मुद्दा आहे आणि चरित्रे त्यावरून भरभर पुढे जातात. म्हणून इथे थोडा थांबतो.

इंजिनाचा सिलिंडर घ्या. बिडाचा मोठा नग ओतायचा, तोही आतून पोकळ, आणि मग तो आतून गोल व सरळ बोअर करायचा. ओतताना वायू अडकला तर भिंतीत पोकळी राहते आणि ती बोअरिंग करताना, म्हणजे निम्मी मजुरी खर्च झाल्यावर, उघडी पडते. नग भंगारात. बोअर थोडा लंबगोल झाला तर पिस्टनच्या कडेने वाफ निसटते. चरबीत भिजवलेल्या दोरीचे पॅकिंग भरून ही गळती थोडीफार दाबता येते, पण कोळसा जास्त जळतो आणि गिऱ्हाईक तक्रार करते. सपाट पृष्ठभाग करायचा तर छिन्नी, कानस आणि स्क्रेपर, सगळे हाताने. स्क्रूच्या आट्यांचेही कुठले प्रमाण नव्हते. इंजिनिअर व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये ते सुचवले १८४१ साली. त्याआधी प्रत्येक नट आपल्याच बोल्टचा, दुसऱ्याला बसणार नाही. अशा परिस्थितीत ड्रॉइंग म्हणजे फक्त इच्छा. ती पुरी होणार की नाही हे फिटरच्या बोटांवर ठरे.

आता लोखंड. घडीव लोखंड त्या मुलखात लाकडी कोळशावर बनत असे, आणि जंगल तुटत चालले होते. जमिनीखाली दगडी कोळसा अमाप होता, पण तो सरळ लोखंडात मिसळला की त्यातले गंधक लोखंडात उतरते आणि तापवून घाव घातला की लोखंड फुटते. यावर इंग्लंडमधली तोड म्हणजे पडलिंगची भट्टी. तिच्यात कोळसा एका कप्प्यात जळतो, शेजारच्या कप्प्यात कच्चे लोखंड असते, आणि मधल्या बुटक्या भिंतीवरून फक्त ज्वाळा व धग पलीकडे जाते. कोळसा आणि लोखंड यांची गाठच पडत नाही.

या भट्टीपुढचा कामगार लांब लोखंडी गजाने, लहानशा खिडकीतून, वितळलेला रस ढवळत राहतो. कच्च्या लोखंडात कार्बन तीन-चार टक्के, म्हणून ते ११५०-१२०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. ढवळता ढवळता कार्बन जळतो, रसातून बुडबुडे येतात आणि पृष्ठभागावर वायूच्या बारीक ज्योती नाचतात. कार्बन घटला की वितळणबिंदू चढत जातो. शुद्ध लोखंडाचा तो १५३८ अंश आहे, आणि भट्टी काही तेवढी तापत नाही. म्हणून रस हळूहळू घट्ट होतो, पिठासारखा जड होतो, गज वळवताना खांदे भरून येतात. मग कामगार त्याचे गोळे करतो, ते लालपांढरे गोळे घणाखाली जातात, मळी पिळून निघते आणि उरलेले लोखंड रोलमधून पट्टी होऊन बाहेर येते. हे सगळे तापमापकाशिवाय. ज्योतीचा रंग पाहून आणि गजाला लागणारा जोर ओळखून ठरवायचे. दोन मिनिटे आधी काढले तर ठिसूळ, उशीर झाला तर लोखंडच जळून मळीत जाते.

ही विद्या पुस्तकातून येत नाही. शेजारी उभे राहून, भाजून घेऊन येते. जर्मनीत पडलिंगची सुरुवात १८२४ च्या सुमारास नॉयवीडजवळच्या रासेलश्टाइनला झाली. हार्कोर्टने वेट्टरला १८२६ मध्ये पडलिंग आणि रोलिंग सुरू केले, वेस्टफालियात, म्हणजे वेट्टर ज्यात येते त्या प्रांतात, पहिल्यांदाच. लगोलग किल्ल्याच्या आवारात झोतभट्टीही, म्हणजे खनिजापासून कच्चे लोखंड काढणारी भट्टी, उभी राहिली. प्रत्येक इंग्रज उस्तादाशेजारी त्याने जर्मन मुलगा उभा केला. तो मुलगा चार वर्षांनी दुसऱ्या कारखान्यात जास्त पगारावर गेला, तरी हार्कोर्ट अडवत नसे. कारखाना पाहायला येणाऱ्यालाही दार उघडे असे, मग तो उद्याचा स्पर्धक का असेना. वेट्टरला शिकलेले हात रूरच्या काठाने ठिकठिकाणच्या यंत्रशाळांत पसरले. आपण ज्याला ट्रेनिंग स्कूल म्हणतो ते काम हा कारखाना करत होता, फक्त फी मालक भरत होता.

आणि इथेच त्याचे आर्थिक गणित कोसळले, असे मला वाटते. चरित्रांत साधारणपणे ‘स्वप्नाळू माणूस, पैशाकडे लक्ष नाही’ असे लिहून विषय संपवतात. स्वभाव तसा होताच. आपल्याला निसर्गाने चालना देण्यासाठी घडवले आहे, त्यातून कमाई करणे दुसऱ्यांवर सोपवले पाहिजे, असे तो स्वतःच म्हणे. पण केवळ स्वभावावर खापर फोडणे मला पटत नाही. त्याच्या जागी काटकसरी माणूस असता तरी पहिली दहा वर्षे तोटाच झाला असता. प्रत्येक इंजिन वेगळ्या मापाचे, म्हणजे प्रत्येकाचे पॅटर्न, ओतकामाचे नमुने, नवे. पुरवठादार नाहीत, म्हणून बोल्टपासून बॉयलरपर्यंत सगळे आपणच करायचे. एक इंजिन महिनोन्‌महिने शेडमध्ये अडकून, तेवढा काळ पैसाही अडकून. त्यातून रिजेक्शनचा भार आणि इंग्रजांचे पगार. गिऱ्हाईकही नवखे, चालवता न आल्याने यंत्र बिघडले तरी दुरुस्ती बनवणाऱ्याच्या माथी. वर्किंग कॅपिटल म्हणजे काय हे ज्याने जॉब ऑर्डरचे वर्कशॉप चालवून सोसले आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

त्याची खरी चूक वेगळी होती. एक गोष्ट पायावर उभी राहण्याआधी तो दुसरी सुरू करी. इंजिने नीट चालू लागतात न लागतात तोच पडलिंग, पडलिंगची घडी बसण्याआधी झोतभट्टी, मग रेल्वे, मग जहाज. काम्पसारख्या बँकरचा धीर कधीतरी सुटणारच होता. १८३० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत दोघे वेगळे झाले. कारखाना काम्पकडे राहिला, हार्कोर्ट कर्ज घेऊन डॉर्टमुंडजवळच्या होम्ब्रूखला गेला.

रेल्वेचे प्रकरण मात्र मनाला चटका लावते. ३० मार्च १८२५ रोजी ‘हेरमान’ या नियतकालिकात त्याने रेल्वेवर लेख लिहिला. तारीख लक्षात घ्या. इंग्लंडमधली स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे त्यानंतर सहा महिन्यांनी, सप्टेंबरात सुरू झाली. त्याचे म्हणणे होते की एल्बरफेल्ड, कोलोन आणि डुईसबर्ग ही शहरे ब्रेमेन किंवा एमडेनला लोहमार्गाने जोडा, म्हणजे हॉलंडची जकात संपली. र्‍हाइनचे मुख हॉलंडच्या हाती होते आणि तिथून समुद्राकडे जाणाऱ्या जर्मन मालावर ते पैसे उकळत. म्हणजे रेल्वे त्याला हौसेखातर नको होती, एका नेमक्या व्यापारी फासातून सुटण्यासाठी हवी होती. उद्योगाचा विजयरथ धूर सोडणाऱ्या महाकाय घोड्यांना जुंपला जावो, अशी लेखाच्या शेवटी त्याची प्रार्थना आहे.

१८२६ मध्ये एल्बरफेल्डला त्याने नमुना म्हणून एकरुळी मार्ग उभारून दाखवला. इंग्रज इंजिनिअर पामरच्या पद्धतीचा, खांबांवरच्या एका रुळाला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या डब्यांचा. योजना पुढे सरकली नाही. त्याच खोऱ्यात १९०१ साली वुपर नदीवरची प्रसिद्ध झुलती रेल्वे सुरू झाली, पण तिचे तंत्र वेगळे. हार्कोर्टच्या हातून प्रत्यक्षात आले ते कोळशाचे छोटे मार्ग: श्लेबुशच्या खाणीतून हास्पेकडे येणारा घोड्यांचा लोहमार्ग आणि १८३१ मध्ये सुरू झालेली, साडेसात किलोमीटरच्या आसपासची प्रिन्स विल्हेल्म रेल्वे, तीही घोड्यांचीच. १८३३ मध्ये त्याने मिंडेन ते कोलोन मार्गावर पुस्तिका लिहून खर्च आणि फायदा मांडला. मार्ग अखेर १८४७ मध्ये पुरा झाला, पण तोपर्यंत सूत्रे दुसऱ्यांकडे गेली होती, आणि मार्ग त्याच्या डोंगराळ खोऱ्यातून न जाता डुईसबर्ग-डॉर्टमुंडच्या सपाटीवरून गेला. चढ-उतारांचा विचार केला तर निर्णय बरोबरच होता. घरातल्या घरात एक समाधान होते: त्याचा भाऊ गुस्टाफ लाइपझिगला राहत असे, आणि १८३९ मध्ये पूर्ण झालेल्या लाइपझिग-ड्रेस्डेन रेल्वेच्या प्रमुख कर्त्यांत तो होता.

जहाजाचे थोडक्यात सांगतो. १८३६ मध्ये त्याने बांधलेली आगबोट र्‍हाइनमधून समुद्रात आणि तिथून वेझर नदीत नेली गेली. धाडस मोठे, पैसा शून्य.

पन्नाशीनंतरचा हार्कोर्ट मला जास्त जवळचा वाटतो, आणि तुमच्या प्रश्नात तो नव्हता म्हणून मुद्दाम सांगतो. आपण ज्या यंत्रयुगाला हात दिला त्याने मजुरांच्या पोरांचे काय केले, हे त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले. प्रशियात १८३९ मध्ये कायदा झाला की नऊ वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेऊ नये आणि सोळापर्यंतच्यांना दिवसाला दहा तासांहून जास्त राबवू नये. नऊ वर्षांचे पोर आणि दहा तास, ही सुधारणा होती! हार्कोर्टला ती पुरेशी वाटली नाही. १८४४ मध्ये खालच्या वर्गांच्या उन्नतीतल्या अडथळ्यांवर त्याने पुस्तक लिहिले. मुलांची मजुरी बंद करा, कामाचे तास बांधून द्या, प्रत्येक मुलाला सरकारी खर्चाने शाळा द्या, आजारपणासाठी निधी उभारा, असे त्याचे मागणे होते. त्याच वर्षी लोकशाळांच्या प्रसारासाठी संघटना काढली. १८४८ नंतर प्रशियाच्या विधिमंडळात आणि पुढे १८७० च्या दशकात राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मनीच्या संसदेतही बसला, उदारमतवादी बाकांवर. शिक्षकांच्या पगारांवर तो पुन्हा पुन्हा बोलत राहिला.

त्याला समाजवादी मात्र समजू नका. १८४९ मध्ये कामगारांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्याने कष्टाळू, हुन्नरी कामगाराची बाजू घेतली आहे, आणि जो शिकला नाही, कामाला लागला नाही, त्याच्याबद्दल अगदी कठोर शब्द वापरले आहेत. गरिबी संगोपनाच्या अभावातून येते असे तो मानी, मजुरीच्या दराकडे त्याचे लक्ष कमी. ही त्याची मर्यादा मला खटकते. पण तिची मुळे समजतात. वेट्टरला त्याने पाहिले होते की अडाणी मुलाच्या हातात कसब आले की त्याचे आयुष्य बदलते. त्या अनुभवातून त्याने सगळ्या समाजाचे औषध काढले, आणि ते औषध सगळ्या दुखण्यांना पुरे पडणारे नव्हते.

६ मार्च १८८० रोजी होम्ब्रूखला त्याचे निधन झाले. श्रीमंत होऊन नाही.

आणि कारखान्याचे काय झाले? तो मालक बदलत, नाव बदलत वेट्टरलाच चालू राहिला, क्रेनच्या कामाकडे वळला, आणि १९१० मध्ये इतर कंपन्यांशी विलीन होऊन ‘डॉइचे मशिनेनफाब्रिक’ म्हणजे डिमॅग झाला. आपल्याकडच्या कितीतरी शेडमध्ये डोक्यावरून फिरणाऱ्या ओव्हरहेड क्रेनवर तुम्ही हे नाव वाचले असेल. चाकणला या नावाच्या क्रेन बनवणारी भारतीय कंपनीही आहे. डिमॅग आपली सुरुवात १८१९ पासून मोजते. तेव्हा ‘कारखाना बुडाला’ म्हणू नका. तो हार्कोर्टचा राहिला नाही, एवढेच.

आता तुमच्या प्रवासाबद्दल. डॉर्टमुंडहून हागेनकडे जाणारी एस-५ लोकल वेट्टरला थांबते. किल्ल्याचे अवशेष जुन्या गावभागात आहेत. जवळच्या टेकडीवर १८८४ मध्ये उभारलेला हार्कोर्ट मनोरा आहे, आणि खाली रूर अडवून १९३१ मध्ये केलेला तलाव, त्यालाही त्याचेच नाव. पण एवढ्यावर परतू नका. हागेनच्या दक्षिणेला मेकिंगर ओढ्याच्या दरीत तंत्र-कारागिरीचे खुले संग्रहालय आहे. तिथे पाणचक्कीवरचे घण प्रत्यक्ष चालवून दाखवतात. हार्कोर्टच्या आजीचा काळ म्हणजे काय ते तिथे कळेल. हिवाळ्यात ते बंद असते, म्हणून एप्रिलनंतर जा. त्याच्यापुढचा काळ पाहायचा तर हाटिंगेनची हेनरिख्सह्युटे गाठा. १८५४ मध्ये सुरू झालेला हा लोखंडाचा कारखाना आता संग्रहालय आहे आणि झोतभट्टीवर चढून जाता येते. आधी हागेन, मग वेट्टर, शेवटी हाटिंगेन असा क्रम ठेवा. घणापासून झोतभट्टीपर्यंतचे अंतर त्या ओळीने नीट उलगडते. हागेनला लोहारकाम करणाऱ्या प्रात्यक्षिकवाल्यांशी बोला, लोखंडाचा रंग कसा ओळखता ते विचारा. तुम्ही मेकॅनिकलचे आहात म्हटल्यावर ते घण चालू ठेवून बराच वेळ दाखवतील.